ज्ञानदानाची पेटी

आहार, औषध, शास्त्र आणि अभय अशी चार दाने जैन परंपरेने सांगितली आहेत. त्यांपैकी आहारदान व औषधदान यांबाबत समाज सहसा मागे राहत नाही. भोजनशाळा चालतात, दवाखाने उभे राहतात, उन्हाळ्यात पाणपोया सुरू होतात. शास्त्रदानाचे, म्हणजेच ज्ञानदानाचे स्वरूप मात्र काहीसे वेगळे आहे. ताटात वाढलेले अन्न खाल्ले जाते आणि दानाची पूर्तता डोळ्यांसमोर होते. ग्रंथ छापला, वाटला, कपाटात ठेवला, एवढ्याने ज्ञानदान पुरे होत नाही. तो कोणी तरी उघडून वाचावा लागतो. पारण्यानिमित्त किंवा वडीलधाऱ्यांच्या स्मरणार्थ छापलेली कितीतरी पुस्तके घरोघरी आणि मंदिर-स्थानकांच्या कपाटांत आहेत. पहिल्या पानावर दात्याचे नाव ठळक असते. पुढची पाने अनेकदा एकमेकांना चिकटलेलीच असतात. दुकानातील माल असा फळीवर पडून राहिला, तर कोणताही व्यापारी अस्वस्थ होईल.

ग्रंथांचे रक्षण आणि ग्रंथांचा प्रसार ही दोन वेगळी कर्तव्ये आहेत, हे समाजाच्या इतिहासातच दिसते. षट्खंडागमावरील आचार्य वीरसेनांची ‘धवला’ टीका कर्नाटकातील मूडबिद्री येथे ताडपत्रांवर शतकानुशतके जपली गेली. तेथील रक्षकांनी ती जपली नसती, तर आज काहीच हाती उरले नसते. परंतु यात्रेकरूंना त्या ताडपत्रांचे केवळ दर्शन घडे. अध्ययनासाठी ग्रंथ बाहेर येत नसे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सोलापूरचे शेठ हिराचंद नेमचंद आणि मुंबईचे शेठ माणिकचंद यांच्या पुढाकाराने त्यांच्या नकला करण्याचे काम सुरू झाले. पुढे डॉ. हिरालाल जैन यांनी संपादनाचे महत्कार्य हाती घेतले. 1939 मध्ये अमरावतीहून पहिला खंड छापून आला आणि 1958 पर्यंत सोळा खंड पूर्ण झाले. ज्या ग्रंथापुढे केवळ हात जोडले जात होते, तो अभ्यासकांच्या हाती आला. या कार्याला चालना देणाऱ्यांत व्यापारी होते, ही गोष्ट व्यापारी कुटुंबांनी विसरू नये.

तोच प्रश्न साध्या, रोजच्या वाचनाच्या पुस्तकांबाबत आजही उभा आहे. त्याचे एक सोपे उत्तर अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्यातल्या हडसन या गावी सापडले. 2009 मध्ये टॉड बोल या गृहस्थांनी आपल्या शिक्षिका आईच्या स्मरणार्थ, जुन्या दाराच्या लाकडातून शाळेच्या आकाराची एक छोटी पेटी तयार केली, तीत पुस्तके भरली आणि ती घरासमोर उभी केली. हवे ते पुस्तक न्यावे, जमल्यास आपले एखादे ठेवावे, एवढाच नियम. रिक ब्रूक्स हे सहकारी त्यांना मिळाले. दानशूर उद्योगपती अँड्र्यू कार्नेगी यांच्या साहाय्याने उभ्या राहिलेल्या अडीच हजारांहून अधिक ग्रंथालयांची संख्या ओलांडावी, असे उद्दिष्ट त्यांनी ठेवले. आज ‘लिटल फ्री लायब्ररी’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या अशा पेट्यांची संख्या एक लाखाच्या पुढे गेली असून त्या शंभरांहून अधिक देशांत आहेत.

पुस्तकांची पेटी आपल्याकडेही नवी नाही. नाशिक जिल्ह्यातील कवळाणे येथे जन्मलेल्या सयाजीराव गायकवाड महाराजांनी 1910 मध्ये विल्यम बोर्डन या अमेरिकन ग्रंथपालास बडोद्यास पाचारण केले. त्या संस्थानात गावोगावी पुस्तकांच्या पेट्या पाठविल्या जात. मुदत संपली की जुनी पेटी परत येई आणि नवी जाई. अलीकडे नाशिकच्या कुसुमाग्रज प्रतिष्ठानाच्या ‘ग्रंथ तुमच्या दारी’ या उपक्रमाने विनायक रानडे यांच्या पुढाकाराने ग्रंथपेट्या वाचकांच्या गटांपर्यंत पोहोचविल्या. 2017 मध्ये सातारा जिल्ह्यातील भिलार हे पुस्तकांचे गाव झाले आणि घरांच्या ओसऱ्यांत वाचनाची सोय झाली.

तरीही चौकातल्या उघड्या पेटीचे एक वैशिष्ट्य आहे. ग्रंथालयात अनामत रक्कम, वर्गणी, पत्त्याचा पुरावा लागतो. या अटी अयोग्य नाहीत. पण बाजारात पोती वाहणारा हमाल, दुकानातील नोकर किंवा घरकामाला येणाऱ्या बाईंची मुलगी त्या पायरीवरूनच परत फिरते. पेटी नाव विचारत नाही, ठेव मागत नाही, परतीची तारीख लावत नाही. घेणाऱ्याला मान खाली घालावी लागत नाही.

अशा पेटीसाठी व्यापारी कुटुंबांइतकी सोयीची जागा फार थोड्यांकडे असेल. किराणा दुकान ठरलेल्या वेळी उघडते, तेथे दिवसभर माणूस असतो, वर पत्र्याची पडवी असते आणि वस्तीतील प्रत्येक जण कधी ना कधी त्या दारी येतोच. फळी व चार फूट जागा पुरेशी आहे.

मात्र काही पथ्ये पाळली पाहिजेत. आगमग्रंथ व पूजापाठाची पुस्तके रस्त्यावरील पेटीत ठेवू नयेत. त्यांची आशातना होण्याची भीती असते. त्यांच्यासाठी मंदिर-स्थानकाचे कपाट उघडे ठेवणे हेच योग्य. पेटीत बालकथा, चरित्रे, कादंबऱ्या, आरोग्य व विज्ञानाची पुस्तके, स्पर्धा परीक्षांची उपयुक्त पुस्तके असावीत. मराठीबरोबर हिंदी व गुजरातीलाही स्थान द्यावे. पेटी जमिनीपासून उंच असावी, छप्पर उतरते असावे. पावसाळ्यात पुस्तकांना अधूनमधून ऊन दाखवावे. कीड लागल्यावर औषध फवारण्यापेक्षा ती लागूच न देणे अहिंसेला धरून आहे. जुन्या ज्ञानभांडारांत त्यासाठी वेखंडाच्या पुरचुंड्या ठेवीत, तो उपाय आजही स्वस्त आहे.

पुस्तके चोरीला जातील, ही शंका सर्वप्रथम निघते. जी पेटी न्यायलाच सांगते, तिच्यातून चोरी कशी होणार? एखादे पुस्तक रद्दीत जाईल, हे खरे. त्यासाठी पहिल्या पानावर ‘विक्रीसाठी नाही’ असा शिक्का मारावा आणि उरलेली घट दानखाती लिहावी. खरा धोका याच्या उलट आहे. कोणी सांभाळणारा नसला, तर महिन्या-दोन महिन्यांत पेटीत जुनी गाइडे, फाटकी पंचांगे आणि गतवर्षीच्या दिनदर्शिका साचतात आणि वाचक पाठ फिरवतो. म्हणून आठवड्यातून एकदा पेटी आवरणारी जबाबदार व्यक्ती नेमलेली असावी. घरातील शाळकरी मुलांना हे काम द्यावे. मालाची निवड आणि गिऱ्हाइकाची ओळख ती आपोआप शिकतील.

पेटीवर दात्याच्या नावाची पाटी लावू नये. घेणाऱ्याचे नाव जिथे विचारले जात नाही, तिथे देणाऱ्याचे नाव तरी कशाला हवे? गुप्तदानाची थोरवी समाजाला सांगावी लागत नाही.

कार्तिक शुद्ध पंचमीला व्यापारी लाभपंचमी म्हणून दुकानाचा मुहूर्त करतात, आणि तीच तिथी श्वेतांबर परंपरेत ज्ञानपंचमी होय. दिगंबर परंपरेत ज्येष्ठ शुद्ध पंचमीला श्रुतपंचमी साजरी होते. या दिवशी ग्रंथ बाहेर काढून झाडण्या-पुसण्याची आणि पूजनाची प्रथा आहे. यंदा पूजनानंतर प्रत्येक घराने आपल्या संग्रहातील निदान पाच चांगली पुस्तके परत कपाटात न ठेवता दुकानाच्या पायरीवरील पेटीत ठेवावीत. लाभपंचमीच्या मुहूर्तावर वहीत पहिली नोंद होते, त्याच दिवशी एखाद्या हमालाच्या मुलीच्या दप्तरात पहिले अवांतर पुस्तक जाईल. चार दानांतील मागे राहिलेले दान मग खऱ्या अर्थाने पोहोचते झाले, असे म्हणता येईल.