झाड किती जुनं यापेक्षा झाडाखाली कोण, हे आधी पाहा : पारसच्या घटनेतून आपल्या गावांनी काय घ्यायचं?

चंद्रपूर : वादळ सुटलं की माणूस आधी आडोसा शोधतो. ९ एप्रिल २०२३, रविवारची संध्याकाळ. अकोला जिल्ह्यातल्या पारस गावात बाबूजी महाराज संस्थानच्या आवारात भाविक जमले होते. वादळी पाऊस आला आणि लोक पत्र्याच्या शेडखाली थांबले. बाजूचं सुमारे शंभर वर्षांचं कडूनिंब त्याच शेडवर कोसळलं. शेडखाली ३५ ते ४० लोक होते. ७ जणांचा जीव गेला, बरेच जखमी झाले.

पारस आपल्यापासून दूर आहे, पण असं निंब आणि असं शेड मूल, सिंदेवाहीपासून थेट गडचिरोलीपर्यंत गावोगावी दिसतं. शाळेचं आवार, अंगणवाडी, आठवडी बाजार, बसथांबा, सगळं सावली पाहूनच बसवलेलं असतं. त्यामुळं पावसाळ्याआधी दरवर्षी विचारायचा प्रश्न एवढाच की कोणतं झाड खरंच धोक्याचं आहे?

धोका मोजायचा कसा?

इथं दोन गोष्टी वेगळ्या धराव्या लागतात. झाड पडण्याची शक्यता किती, आणि पडलं तर खाली कोण सापडेल. शेताच्या बांधावरची अर्धी पोकळ चिंच पडली तर बांध फुटेल, थोडं धान दबेल. अंगणवाडीवर झुकलेलं निंब त्याहून मजबूत असलं तरी धोका त्याचाच मोठा, कारण तिथं रोज लेकरं बसतात. बाजार आठवड्यातून एक दिवस भरतो, घरात मात्र माणूस रोज रात्री झोपतो. हाही फरक हिशेबात धरला पाहिजे.

पडलेलं झाड कुठपर्यंत पोचेल, हे काढायला एक काडी पुरते. हाताच्या लांबीएवढी काडी हात लांब करून उभी धरायची आणि काडीत झाडाचा बुंधा ते शेंडा बरोबर मावेल तिथपर्यंत मागं सरकायचं. सपाट जागेवर तिथून झाडापर्यंतचं अंतर म्हणजे अंदाजे झाडाची उंची. फांद्या तुटून पुढं उडतात, म्हणून तपासणी त्याच्या दीडपट अंतरापर्यंत करावी.

बुंध्याजवळ काय पाहायचं?

शेंडा वाळला की सगळ्यांचं लक्ष जातं, पण झाड अनेकदा खालून कमजोर होतं. बुंध्यावर बुरशीची छत्री आली आहे का? कुऱ्हाडीच्या दांड्यानं ठोकल्यावर पोकळ आवाज येतो का? झाड ज्या बाजूला झुकलं त्याच्या उलट बाजूची माती उचलली किंवा तडकली आहे का? जुना बाक असलेलं झाड वर्षानुवर्षं उभं राहतं. यंदा नव्यानं झुकलेलं झाड मात्र तातडीचं समजावं.

मुळांचं दुखणं बाहेरून दिसत नाही. नळयोजनेचा चर, नाली किंवा रस्ता रुंदीकरणात एका बाजूची मुळं तुटली असतील, तर झाड हिरवंगार असूनही वादळात जाऊ शकतं. आपल्याकडं आणखी एक कारण आहे. मोहफुलं वेचायला सोपं जावं म्हणून झाडाखालचा पालापाचोळा जाळतात. दरवर्षीच्या त्या आगीनं बुंध्याची साल जळते आणि तिथूनच कूज आत शिरते.

पोकळ झाड पडेलच असंही नाही. खोडाची शाबूत भिंत त्रिज्येच्या तिसऱ्या भागाहून कमी उरली की धोका वाढतो, असा जाणकारांचा ढोबळ हिशेब आहे. २ फूट जाडीच्या खोडाला तो ४ इंच पडतो.

तोडणं हा शेवटचा उपाय

बऱ्याच वेळा शेड, बाकडं किंवा बाजाराची ओळ हलवली तरी धोका संपतो. कुठं वाळलेली फांदी उतरवली की काम भागतं. तोडायचंच असेल तर १९६४ चा महाराष्ट्र वृक्षतोड अधिनियम लागू होतो. मोह, चिंच, आंबा, साग, ऐन ही झाडं स्वतःच्या शेतात असली तरी परवानगी लागते. झाडामुळं जिवाला किंवा मालमत्तेला धोका असणं, हे परवानगीचं कारण कायद्यातच धरलं आहे. त्यामुळं अर्जात धोका नेमका लिहावा आणि फोटो जोडावा.

खरा घोळ जबाबदारीचा होतो. रस्त्यावरचं झाड बांधकाम विभागाचं, तारेजवळचं महावितरणचं, जंगलातलं वनविभागाचं, असं म्हणत अर्ज फिरत राहतो. यावर ग्रामसभेनं मे महिन्यातच धोक्याच्या झाडांची यादी ठरावात घ्यावी, ज्याचं झाड त्या विभागाला द्यावी आणि पोच ठेवावी. एक प्रत तहसीलदारामार्फत जिल्हाधिकाऱ्यांकडं जावी, कारण जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाचे अध्यक्ष तेच असतात.

नैसर्गिक आपत्तीत मृत्यू झाला तर वारसाला ४ लाख रुपये मदत मिळते, पण पंचनामा झाल्यावर, म्हणजे माणूस गेल्यावर. यादी करायला मात्र एक सकाळ, एक काडी आणि चार जाणती माणसं पुरतात. सुरुवात शाळा आणि अंगणवाडीपासून करावी.