कापलेला प्राप्तिकर परत मिळेल काय ?

आमच्यापैकी पुष्कळांचे शेत कोकणांत किंवा घाटावर आणि बिऱ्हाड लालबाग-परळांत असते. पीक विकून आलेली रक्कम दादरच्या बँकेत मुदतठेवींत ठेविली, की ठराविक मर्यादेपलीकडील व्याजांतून शेकडा 10 प्रमाणे प्राप्तिकर कापला जातो. शेतीच्या उत्पन्नास 1886 पासून सूट आहे हे खरे. परंतु ठेव पिकाच्या पैशाची असली तरी तिचे व्याज शेतीचे उत्पन्न नव्हे. तेव्हा बँकेशी वाद घालणे व्यर्थ होय. वर्षाचे एकूण करपात्र उत्पन्न काढून त्यावरील कर मांडावा, व पॅन क्रमांकावर जमा झालेला कर त्याहून अधिक असल्यास फरक मागावा. तो विवरणपत्र भरल्यावाचून मिळत नाही. ‘आम्ही शेतकरी, आम्हांस विवरणपत्र कशास ?’ हा समज आमच्या मते सरकारास फुकटची देणगीच आहे.