हावडा : भाडेकरूची पारख आणि कायद्याची सीमारेषा

हुगळी नदीच्या पात्राखालून धावणारी मेट्रो १५ मार्च २०२४ रोजी प्रवाशांसाठी खुली झाली आणि हावडा मैदान ते एस्प्लनेड हे अंतर काही मिनिटांवर आले. ऑगस्ट २०२५ मध्ये ही मार्गिका सॉल्ट लेकच्या सेक्टर पाचपर्यंत सलग जोडली गेली. नोकरी कोलकात्यात आणि बिऱ्हाड हावड्यात, हा जुना परिपाठ त्यामुळे अधिक सोयीचा झाला आहे. मात्र खोली मागायला येणाऱ्या अनोळखी माणसावर विश्वास कसा ठेवावा, हा घरमालकांपुढील प्रश्न त्यामुळे सुटलेला नाही.

हावडा हे मुळातच भाडेकरूंचे शहर. १८५४ मध्ये येथून रेल्वे सुरू झाली. तागाच्या गिरण्या आणि लोखंडाच्या ओतशाळा यांच्यामागोमाग बिहार, उत्तर प्रदेश व ओडिशातून कामगार आले आणि चाळवजा घरांत, बस्त्यांत स्थिरावले. २०११ च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या सुमारे १० लाख ७० हजार होती. घराचा एक भाग भाड्याने देऊन त्यावर म्हातारपण काढणारी कुटुंबे येथे जुन्या वस्तीत आजही आढळतात. अशा कुटुंबाची भाडेकरू निवडण्यातील एक चूक त्याच्या उत्पन्नावर आणि मनःशांतीवर वर्षानुवर्षे ओझे होऊन बसते.

पोलिस पडताळणीची मर्यादा

राज्यात या विषयाला सुरक्षेची बाजूही आहे. हावड्याहून रेल्वेने जोडलेल्या बर्दवान शहरात, खागडागड येथे २ ऑक्टोबर २०१४ रोजी भाड्याच्या घरात स्फोट होऊन दोघांचा मृत्यू झाला आणि तपास राष्ट्रीय तपास संस्थेकडे गेला. ९ जून २०२१ रोजी कोलकात्यालगतच्या न्यू टाऊनमध्ये एका निवासी संकुलातील भाड्याच्या सदनिकेत लपलेले पंजाबमधील दोन फरारी गुंड पोलिस चकमकीत ठार झाले. अशा घटनांनंतर भाडेकरूची माहिती पोलिस ठाण्यात देण्याचा आग्रह वाढणे स्वाभाविक होते.

ही पडताळणी आवश्यक आहे. पण तिचे काम मर्यादित आहे. ओळखपत्र खरे आहे का आणि त्या व्यक्तीवर गुन्ह्याची नोंद आहे का, एवढेच तिच्यातून कळू शकते. भाडे वेळेवर येईल का, खोलीत दुसराच कोणी राहू लागेल का, मुदत संपल्यावर जागा सुटेल का, याची उत्तरे पोलिस ठाण्यात मिळत नाहीत. घरमालकाची रोजची चिंता मात्र याच प्रश्नांची असते.

साडेसहा हजारांची रेषा

या चिंतेचे मूळ कायद्यात आहे. पश्चिम बंगालचा १९९७ चा भाडेकरू कायदा १० जुलै २००१ पासून लागू झाला आणि १९५६ च्या कायद्याची जागा त्याने घेतली. कोलकाता व हावडा महापालिकांच्या हद्दीत निवासी जागेचे मासिक भाडे ६,५०० रुपयांपेक्षा अधिक असेल, तर ती जागा या कायद्याच्या कक्षेबाहेर ठेवण्यात आली. व्यापारी जागेसाठी ही मर्यादा १०,००० रुपये ठरली.

या रेषेच्या वर १८८२ चा मालमत्ता हस्तांतरण कायदा आणि उभयपक्षी करार लागू होतो. रेषेच्या खाली, कायद्याने सांगितलेल्या कारणांखेरीज भाडेकरूला काढता येत नाही, मग करारात काहीही लिहिलेले असो. अकरा महिन्यांचा कागद करून निश्चिंत होणारे अनेक मालक येथेच फसतात. वर्षापेक्षा अधिक मुदतीच्या भाडेपट्ट्याची नोंदणी सक्तीची असल्याने अकरा महिन्यांची प्रथा पडली. तिने भाडेकरूचे संरक्षण संपत नाही.

गरीब भाडेकरूला आधार मिळावा, हा या संरक्षणाचा हेतू. परिणाम मात्र विपरीतही होतो. तीन हजारांची खोली देताना मालकाला कायमची सोयरीक जुळवल्यासारखी धास्ती वाटते. मग तो जात, धर्म, भाषा, खाणेपिणे यांवरून माणूस ठरवू लागतो, किंवा खोलीला कुलूप लावून ठेवतो. २०११ च्या जनगणनेत देशाच्या शहरी भागात सुमारे १ कोटी १० लाख घरे रिकामी आढळली होती. ती सगळी या भीतीपोटी रिकामी नव्हती. पण भीतीचाही त्यात वाटा मानला जातो.

पारख कशाची करावी?

आडनावावरून भाडे वसूल होत नाही. उत्पन्नाच्या मानाने भाडे किती, हा पहिला प्रश्न. कारखान्यातील वा ओतशाळेतील कामगाराकडे पगारपत्रक नसते. तेथे मुकादमाशी किंवा मालकाशी बोलणे आणि बँक खात्यातील जमा पाहणे उपयोगी पडते. दुसरा प्रश्न पूर्वीच्या घराचा. सध्याचा घरमालक नको असलेल्या भाडेकरूचीही स्तुती करू शकतो; त्याच्या आधीच्या मालकाला तसे करण्याचे कारण नसते. तिसरा, खोलीत प्रत्यक्ष कोण राहणार? प्रत्येक प्रौढ व्यक्तीचे नाव करारात असावे आणि पोटभाडेकरू ठेवण्यास स्पष्ट मनाई असावी. भाडे बँकेतून घेणे, पावती देणे, मीटरचा आकडा लिहून ठेवणे यांमुळे उद्या वाद झालाच तर दोन्ही बाजूंकडे पुरावा राहतो.

पारख एकतर्फीही नसावी. हावड्यातील अनेक बस्त्या ठिका जमिनीवर आहेत. जमीन एकाची, तीवरील झोपडी ठिका भाडेकरूची आणि खोलीत राहणारा तिसराच, अशी ही रचना. १९८१ च्या कायद्याने अशी जमीन सरकारकडे गेली. तेव्हा खोली देणाऱ्याचा तीवर हक्क कोणता, हे विचारणे भाडेकरूच्याही हिताचे ठरते.

केंद्रीय मंत्रिमंडळाने २ जून २०२१ रोजी मंजूर केलेल्या आदर्श भाडे कायद्यात लेखी करार, निवासी जागेसाठी जास्तीत जास्त दोन महिन्यांची अनामत आणि तंट्यांसाठी स्वतंत्र भाडे न्यायालये सुचवली आहेत. तो स्वीकारायचा की नाही, हे राज्यांवर सोपवण्यात आले. महाराष्ट्राने १९९९ च्या कायद्यातच करारनोंदणीची जबाबदारी मालकावर टाकली आणि मुदत संपलेली ‘लिव्ह अँड लायसन्स’ची जागा परत मिळवण्यासाठी वेगळी वाट दिली. पगडीच्या घरांचे प्रश्न मुंबईत तरीही उरले आहेत, आणि कोलकात्यात ‘सलामी’ देऊन घेतलेल्या जागांचेही.

हावड्यातील घरमालकाला जागा वेळेत परत मिळण्याची खात्री असेल, तर अनोळखी माणसाला खोली देण्याचा धोका तो पत्करू शकेल. ती खात्री तंटे लवकर निकाली निघण्यावर अवलंबून आहे. तोवर चुकीच्या निवडीची किंमत मालकाबरोबरच, परगावातून आलेल्या आणि ओळखदेख नसलेल्या प्रामाणिक भाडेकरूलाही मोजावी लागणार आहे.