शर्यतीचं घोडं आणि शिकाऊ स्वार

स्पोर्ट्‌स कार या वस्तूशी माझं वैर नाही. ती लांबून जाताना मला आवडते. जवळून जाताना जरा कमी आवडते, आणि रात्री साडेबारा वाजता सायलेन्सरचा गळा मोकळा सोडून आमच्या रोडपालीच्या रस्त्यानं जाते तेव्हा मुळीच आवडत नाही. पण वैर असं नाही. माझं भांडण आहे ते एका नव्या शहाणपणाशी. ते शहाणपण असं, की ज्याला आजवर फक्त ऑटोमॅटिक गाडी येते आणि आता गियरची शिकायची आहे, त्यानं सरळ एक जुनी स्पोर्ट्‌स कार विकत घ्यावी. आवडीच्या गाडीवर माणूस लवकर शिकतो म्हणे!

या हिशेबानं स्वयंपाक शिकणाऱ्यानं पहिल्या दिवशी अनारसे घालायला घ्यावेत, आणि तेही दुसऱ्या कुणीतरी अर्धवट आंबवून ठेवलेल्या पिठाचे.

हे शहाणपण आमच्या घरात शिरलं ते भाच्याच्या रूपानं. भाचा गुणी आहे, हे आधीच सांगून टाकतो, नाहीतर ताई माझ्याशी बोलायची नाही. रोडपालीला राहतो, ऐरोलीला दिवसभर कंप्युटरसमोर बसतो, पगार मिळवतो, आईला औषधं आणून देतो. दोष एवढाच, की तो आधी बिनगियरच्या स्कूटरवर शिकला आणि मग ऑटोमॅटिक मोटारीवर. त्यामुळे त्याचा डावा पाय आजवर मोटारीत, सासुरवाडीला आलेल्या जावयासारखा, नुसता बसून असतो. आता त्या पायाला कामाला लावायचं त्याच्या मनात आलं. इथपर्यंत मी त्याच्या बाजूचा. 'आता गियर शिकून काय करायचंय, सगळ्या गाड्या ऑटोमॅटिकच येणार' म्हणणारे आमच्या सोसायटीत पुष्कळ आहेत. त्यांना माझं उत्तर एवढंच, की कॅलक्युलेटर आला म्हणून पाढे वाईट ठरत नाहीत.

पण भाच्यानं मोबाइलवर जे चित्र दाखवलं ते पाहून मी चष्मा पुसला. दोन दारं, सहा गियर, वय वर्षं दहा, नंबर दिल्लीचा, रंग कुंकवाचा. किंमत एका नव्या, छोट्या, सभ्य गाडीइतकी.

"मामा, एवढ्या पैशात अशी गाडी परत मिळणार नाही."

मिळणारही नाही. एवढ्या पैशात हत्तीसुद्धा मिळेल कदाचित. मूळ किंमत पडते, पण वस्तूची भूक पडत नाही, हे जुनी चैन विकत घेणाऱ्याच्या लक्षात येत नाही. क्लच प्लेट, टायर, ब्रेक यांचे भाव गाडी नवी असतानाच्या तोऱ्यातच राहतात. आणि स्वस्ताईमागचा भूगोल? २०१४-१५ साली हरित लवादानं दिल्लीत १० वर्षांवरच्या डिझेल आणि १५ वर्षांवरच्या पेट्रोल गाड्यांवर बडगा उगारला, तेव्हापासून तिथल्या म्हाताऱ्या होऊ घातलेल्या गाड्या देशभर स्थळं शोधत फिरताहेत. दिल्लीची गाडी इथं बारा महिन्यांपेक्षा जास्त ठेवायची तर तिकडची एनओसी आणा, इकडचा कर भरा, आणि तिला आमच्या पनवेलची एमएच ४६ची पाटी लावा. विक्रेता हे सगळं 'पेपर्स क्लिअर' या दोन शब्दांत बसवतो.

शिवाय अशी गाडी आधी कुणी चालवली असेल याचा जरा विचार करा. सेवानिवृत्त मुख्याध्यापकानं? रविवारी देवदर्शनाला? स्पोर्ट्‌स कार ज्यानं नवी घेतली त्यानं ती सिग्नलवर शेजारच्याला खिजवायलाच घेतली, आणि ज्यानं त्याच्याकडून घेतली त्यानं मित्रांना दाखवायला. जुनी स्पोर्ट्‌स कार घेणं म्हणजे दुसऱ्याचं तारुण्य सेकंडहँड विकत घेणं. त्यातली मजा त्यानं केलेली असते. सांधेदुखी तुमच्याकडे येते.

आता मुद्द्याकडे येतो, म्हणजे क्लचकडे. क्लच म्हणजे काय, हे मी भाच्याला कांदेपोह्यांच्या भाषेत समजावलं. इंजिनाबरोबर गरगर फिरणारी एक बाजू. चाकांशी जोडलेली, शांत बसलेली दुसरी. तुमचा डावा पाय हा मध्यस्थ. दोघांची ओळख हळूहळू करून द्यायची. घाई केलीत की स्थळ मोडतं, म्हणजे गाडी आचका देऊन बंद पडते. आणि होकार ना नकार असं लोंबकळत ठेवलंत, तर पाहुणे पोहे खात बसतात आणि प्लेट तुमची जळते!

यावर भाच्यानं हुकमाचं पान टाकलं. "मामा, उलट मोठ्या इंजिनाला ताकद जास्त. ते पटकन बंदच पडत नाही. म्हणून शिकायला सोपं."

हे खरं आहे. ताकदवान इंजिन शिकाऊ पायाचे पुष्कळ अपराध पोटात घालतं. आणि माझा आक्षेप नेमका तिथंच आहे. गाडी बंद पडणं हा अपघात नव्हे, ती शिकवणी आहे. छोट्या इंजिनाची गाडी म्हणजे जुन्या शाळेतले गणिताचे मास्तर. चूक झाली की तिथल्या तिथे छडी, हिशेब मिटला. गाडी बंद, मागचा हॉर्न देतो, तुम्ही घामाघूम, पण खर्च शून्य. चार दिवसांत पाय आपोआप शहाणा होतो. मोठ्या इंजिनाची गाडी चुकीबद्दल चकार शब्द काढत नाही. ती चूक निमूटपणे क्लच प्लेटवर लिहून ठेवते, आणि वर्षभरानं वाण्यासारखी उधारीची वही एकदम पुढे करते. मग ती प्लेट बदलायला अख्खा गियरबॉक्स खाली उतरवावा लागतो, आणि मिस्त्री गाडीखालून नुसता हात बाहेर काढून बोटांनी आकडा सांगतो.

मी शिकलो फियाटवर. प्रीमियर पद्मिनी. गियर खाली नव्हताच, स्टिअरिंगच्या शेजारी दांडीला होता, आणि कुठला गियर कुठे आहे हे गाडी आणि तिचा मालक सोडून तिसऱ्याला कळत नसे. या पद्मिनीच्या टॅक्स्या ऑक्टोबर २०२३मध्ये मुंबईच्या रस्त्यांवरून कायमच्या गेल्या तेव्हा लोकांनी हळहळून फोटो काढले. मला मात्र डाव्या पोटरीतला गोळा आठवला. तिनं कुणालाच लाडावून ठेवलं नाही.

कंपन्यांनी तर याहून मोठी गंमत केली आहे. निसानची ३७० झेड नावाची गाडी २०१०पासून काही वर्षं आपल्याकडे विकायला होती. साडेतीन हजार सीसीच्या वरचं इंजिन. खालचा गियर टाकताना इंजिनाचा वेग चाकाच्या वेगाशी जुळवून घ्यायचा, ही जी खरी कारागिरी, ती या गाडीत एक यंत्रच तुमच्या वतीनं करून देई. म्हणजे ज्यासाठी एवढा आटापिटा करून गियरची गाडी घ्यायची, तोच धडा गाडी परस्पर सोडवून ठेवणार, आणि भाचेमंडळी प्रगतिपुस्तकावर सही करणार!

आपल्या मातीतही असे प्रयत्न झाले, नाही असं नाही. १९९८च्या सुमारास सॅन स्टॉर्म नावाची दोन माणसांची, फायबरच्या अंगाची गाडी निघाली होती. इंजिन रेनोचं, बाराशे सीसीच्या आतलं. दिसायला वाघीण, पोटात शेळी. शिकायला खरं म्हणजे तीच बरी होती. मग दिलीप छाब्रियांची अवंती २०१२ साली दिल्लीच्या प्रदर्शनात झळकली; तिचे गियर हातानं टाकायचे होते. पण अशा गाड्या मोजक्याच निघाल्या, आणि मोजक्या निघालेल्या गाडीचा सुटा भाग शोधणं हा गाडी चालवण्यापेक्षा वेगळा छंद आहे. त्याला वेगळी नोकरी लागते.

बरं, चालवणार कुठे? हे रोडपाली आहे, जर्मनी नव्हे. एका अंगाला कळंबोलीचा लोखंड बाजार, दुसऱ्या अंगाला तळोज्याचे कारखाने. रस्त्यावर सदासर्वकाळ ट्रेलर. त्यांच्या पाठीवर पोलादी पत्र्याची ती भलीमोठी वेटोळी. स्पोर्ट्‌स कारमध्ये माणूस बसत नाही, जवळजवळ निजतो. तिच्या खिडकीतून ट्रेलर दिसत नाही, ट्रेलरच्या चाकाचे नट दिसतात. आणि ट्रेलरवाल्याला आपला भाचा मुळीच दिसत नाही. त्यात सोसायटीसोसायटीपुढचे गतिरोधक. या गाड्यांचं पोट जमिनीपासून वीतभरही नसतं. चेंबर घासल्याचा तो आवाज ज्यानं आपल्या गाडीखाली एकदा ऐकला, तो पुढे महिनाभर जेवताना दचकतो. पावसाळ्याचं तर नावच काढू नका. २६ जुलै २००५ला कळंबोलीत काय झालं, ते इथल्या जुन्या माणसांना विचारा. सखल भाग आहे, पाणी आजही तुंबतं. बसकी गाडी त्यात गाडी राहत नाही, घमेलं होतं.

पण हे सगळं पैशाचं झालं. पैसे भाच्याचे आहेत, त्यानं हवे तर खाडीत टाकावेत. मला झोप लागत नाही ती दुसऱ्या कारणानं. घरापासून हाकेच्या अंतरावर मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग सुरू होतो. स्पोर्ट्‌स कार घेणारा माणूस पहिल्याच रविवारी कुठे जाणार, हे सांगायला ज्योतिषी नको. सपाटीवर निभेल. पुढे बोरघाट आहे. परत येताना उताराला नवा माणूस काय करतो? सवयीनं ब्रेकवर पाय ठेवून बसतो. ब्रेक तापतात, आणि तापलेला ब्रेक ऐनवेळी माघार घेतो. जुने ड्रायव्हर सांगत, ज्या गियरनं घाट चढलास त्याच गियरनं उतर. गाडीला इंजिनानं धरून ठेवायचं, ब्रेक जपून वापरायचा. गियर शिकण्याचं खरं कारण हे आहे. ऑटोमॅटिकमध्येही ही सोय असते, पण ती वापरणारा मला अजून भेटायचा आहे. गियर हा गाडी पळवण्यासाठी आहेच, पण घाटात तो गाडी आवरण्यासाठी असतो. आणि जी गाडी बनवलीच आहे पळवण्यासाठी, तिच्यावर बसून आवरायला शिकायचं म्हणजे हलवायाच्या दुकानात बसून एकादशी करायची.

सरकारची यात काही मदत होईल म्हणावं, तर तिथला कारभार वेगळाच. १९८८चा मोटार वाहन कायदा दुचाकीच्या बाबतीत डोळ्यांत तेल घालून बसलाय. बिनगियरच्या स्कूटरचं लायसन वेगळं, गियरच्या मोटारसायकलचं वेगळं. मोटारीला मात्र असा भेद नाही. ऑटोमॅटिकवर परीक्षा द्या, गियरची खुशाल चालवा. आणि मोटार म्हणजे केवढी? नोव्हेंबर २०२४मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, की हलक्या वाहनाचं लायसन असलेला माणूस साडेसात हजार किलोंच्या आतलं मालवाहू वाहनही चालवू शकतो. त्याचा कायदेशीर भाग वकिलांना ठाऊक. मला एवढंच दिसतं, की आमच्या भाच्याला गियरची मोटारसायकल चालवायची बंदी आहे. पण ज्या टेंपोचा क्लच त्यानं जन्मात दाबला नाही, तो चालवायला कायद्याची हरकत नाही. इंग्लंडात ऑटोमॅटिकवर पास झालेल्याला तेवढ्याचंच लायसन मिळतं. साहेबाच्या इतक्या गोष्टी उचलल्या, ही नेमकी राहिली.

राहता राहिला तो मर्दानगीचा मुद्दा. भाच्याचे मित्र म्हणतात, खरा ड्रायव्हर तो जो गियरची स्पोर्ट्‌स कार चालवतो. बाळांनो, लोखंड बाजारात पहाटे जा. तिथं एखादा किडकिडीत बाप्या, तोंडात तंबाखू, पायात रबरी चप्पल, पंचवीस-तीस टनांचा ट्रेलर गल्लीत उलटा घालत असतो. एका हातात चहाचा ग्लास, एका हातात स्टिअरिंग, आणि डावा पाय असा चालतो की ग्लासातला चहा हिंदकळत नाही. त्याच्यापुढे तुमची कुंकवाच्या रंगाची गाडी घेऊन उभे राहा आणि सांगा, की खरा ड्रायव्हर मी.

माझा सल्ला मी केव्हाच देऊन ठेवला आहे. एखादी जुनी, छोटी, आठशे-हजार सीसीची गाडी घ्यावी. ओळखीच्या मिस्त्रीकडून तपासून, आरसी बुक आणि विम्याचे कागद नीट पाहून. रोज पहाटे पाचला तळ्याच्या बाजूच्या मोकळ्या रस्त्यावर न्यावी. दिवसातून वीस वेळा बंद पाडावी. चढावर हँडब्रेक लावून उचलायला शिकावी. एक पावसाळा काढावा, सहा वेळा घाट उतरावा, आणि घेतली त्याच्यापेक्षा चार पैसे कमी घेऊन विकून टाकावी. त्यानंतर स्पोर्ट्‌स कार काय, विमान घेतलं तरी मी नारळ फोडायला येईन. विमानतळही आता जवळच झालाय.

भाचा यावर 'बघतो' म्हणाला. आमच्या घराण्यात 'बघतो'चा अर्थ नाही असा होतो, पण त्याच्या वडिलांच्या घराण्यात काय होतो ते मला माहीत नाही. दरम्यान विक्रेत्याचा फोन आला. भाचा आंघोळीला गेला होता म्हणून ताईनं उचलला. तो म्हणाला, पन्नास हजार आणखी कमी करतो, आजच ठरवा. ताईनं शांतपणे विचारलं, मागच्या सीटवर गुडघेदुखीचं एक माणूस आणि त्यांचा कमोडचा स्टूल एवढं मावेल का? मागची सीटच नाही, असं त्यानं सांगितल्यावर ती म्हणाली, "मग दोन दारं तरी कशाला दिलीत?" त्यानंतर त्याचा फोन आलेला नाही.