आईची वाट पाहू नकोस

तोक्योच्या निशिकासाई भागात मराठी घरं बरीच आहेत. इथली मुलं पहिलीपासून शाळेत चालत जातात, आईवडिलांशिवाय. दप्तराला बझर लटकवलेला असतो; दोरी ओढली की कर्कश वाजतो. रस्त्यावरच्या काही दुकानांवर, घरांवर स्टिकर असतं: भीती वाटली तर इथे शिरायचं. पोलिसांना ११०, आग आणि ॲम्ब्युलन्ससाठी ११९. हे सगळं शाळा शिकवते आणि नीट शिकवते. मला काळजी वाटते ती आपल्या घरात रोज बोलल्या जाणाऱ्या एका वाक्याची. “काहीही झालं तरी आधी मला फोन कर, मी घ्यायला येते.”

वाक्य मायेचं आहे, पण भूकंपाच्या देशात ते मुलाला जागीच खिळवतं. मोठ्या धक्क्यानंतर फोन लागत नाहीत, गाड्या थांबतात. ११ मार्च २०११च्या दुपारी झालेल्या मोठ्या भूकंपानंतर तोक्योतली कितीतरी माणसं तासन् तास चालत घरी पोचली. त्याच दिवशी ईशान्य किनाऱ्यावरच्या कामाइशीत त्सुनामी आली. तिथल्या थोरल्या मुलांनी कोणाची वाट न पाहता उंचावर धाव घेतली, त्यांना पाहून शेजारच्या शाळेतली लहान मुलं निघाली. पहिली जागा सुरक्षित वाटेना, तेव्हा सगळी आणखी वर चढली. शहरातली सुमारे ३००० शाळकरी मुलं, जवळजवळ सगळी वाचली. त्यांना आधी अनेक वर्षं आपत्तीतून बचाव शिकवणारे प्रा. तोशिताका कातादा मुलांना सांगत, घरी जाऊन आईला सांगा, मी नक्की पळेन, तूही पळ. मला यातलं हे सगळ्यात मोलाचं वाटतं. आई माझ्यासाठी मागे थांबणार नाही, ही खात्री असलेलं मूलच पाय उचलतं.

म्हणून जेवताना बोलायला हवं. शाळेत असशील तर बाईंबरोबर राहा. बाहेर असशील तर ठरलेल्या मैदानात जा. बाबा ऑफिसात स्वतःची काळजी घेतील. पुराचं वेगळं. निशिकासाई ज्यात येतं त्या एदोगावा प्रभागाची बरीचशी जमीन समुद्रसपाटीच्या खाली आहे, आणि महापुराचा इशारा आला तर प्रभागातच थांबू नका, असं तिथलं प्रशासन स्वतः सांगतं.

एकमेकांना थेट फोन लागत नसला तरी आपत्तीत १७१ या नंबरावर घरच्यांसाठी आवाजात निरोप ठेवता येतो, दुसऱ्याला तो ऐकता येतो. एरवीही दर महिन्याच्या १ आणि १५ तारखेला सरावासाठी ही सोय खुली असते. येत्या १५ला निरोप मुलालाच ठेवू द्या, आणि आईने तो ऑफिसातून ऐकावा.