न पेटलेल्या दिव्याचे कर्ज

फिलिपाईन्स हे सात हजारांहून अधिक बेटांचे राष्ट्र. त्यातील लुझोन या सर्वांत मोठ्या बेटावर, बताआन प्रांतातील मोरोंग गावच्या समुद्रकिनारी एक अणुवीज केंद्र उभे आहे. त्याचे बांधकाम १९७६ साली सुरू झाले आणि १९८४ च्या सुमारास पुरे झाले. आजवर त्या केंद्रातून एक दिवाही पेटलेला नाही. परंतु त्यासाठी काढलेले कर्ज तेथील जनता २००७ सालापर्यंत फेडीत होती. पायाभरणीच्या वेळी जे मूल पाळण्यात होते, ते तिशी ओलांडून स्वतः लेकुरवाळे झाले, तेव्हा कोठे शेवटचा हप्ता चुकता झाला.

तेच राष्ट्र आज पुन्हा अणुविजेकडे वळले आहे, म्हणून हा लेखनप्रपंच.

परदेशातील विजेशी आपल्याला काय कर्तव्य, असे कोणी विचारील. बापाने अंगठा उठवावा आणि नातवाने सावकाराच्या वाड्यावर राबावे, हा व्यवहार आपल्या वाडवडिलांनी पिढ्यान्‌पिढ्या भोगलेला आहे. तोच व्यवहार एखाद्या राष्ट्राच्या नावाने आणि डॉलरच्या आकड्यांत झाला, म्हणून त्याचे स्वरूप पालटत नाही.

विजेविषयी आमच्या मनात अढी नाही, हे आरंभीच सांगून टाकतो. परमपूज्य बाबासाहेब १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते आणि विजेचा कारभारही त्यांच्याच खात्याकडे होता. १९४३ च्या ऑक्टोबरात वीजधोरण समितीपुढे बोलताना त्यांनी मुळालाच हात घातला. वीज कोणासाठी आणि कशासाठी, हा त्यांचा प्रश्न होता. विजेवाचून उद्योगधंदे उभे राहणार नाहीत आणि उद्योगधंद्यांवाचून या देशातील माणूस दारिद्र्याच्या फेऱ्यातून सुटणार नाही, म्हणून वीज स्वस्त हवी आणि मुबलक हवी, असे त्यांचे प्रतिपादन होते. मोरोंगच्या केंद्राला हीच कसोटी लावून पाहावी.

फर्डिनांड मार्कोस यांनी १९७२ साली फिलिपाईन्समध्ये लष्करी कायदा पुकारला. वृत्तपत्रांना कुलपे लागली, विरोधक तुरुंगात गेले. अणुवीज केंद्र उभारण्याची घोषणा त्यानंतर, १९७३ साली झाली. हा क्रम वाचकांनी ध्यानात ठेवावा. आधी लोकांचे तोंड बंद झाले आणि मग त्यांच्या नावावर कर्ज चढले. वेस्टिंगहाउस या अमेरिकन कंपनीने प्रारंभी दोन अणुभट्ट्यांची किंमत सुमारे ५० कोटी डॉलर सांगितली होती. प्रत्यक्षात ६२० मेगावॅटची एकच भट्टी उभी राहिली आणि तिचा खर्च २३० कोटी डॉलरच्या घरात गेला. मध्यस्थी करणारा हर्मिनिओ दिसिनी हा अध्यक्षांचा स्नेही होता. त्याने घेतलेली दलाली बेकायदा असल्याचा निर्णय तेथील न्यायालयाने दिला, पण तो २०१२ साली. २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रकमेचा हिशेब बदलला. ठपका मात्र कायम राहिला. कंपनीवरही लाचलुचपतीचा दावा अमेरिकेत चालला होता. त्यातून तिला तेथील ज्यूरीने १९९३ साली मुक्त केले, हेही न्यायबुद्धीने नमूद केले पाहिजे. तात्पर्य, कोर्टकचेऱ्या होत राहिल्या, माणसे म्हातारी झाली आणि हप्ते मात्र बिनचूक जात राहिले.

केंद्राची जागा तर विलक्षण. ते नातिब नावाच्या निद्रिस्त ज्वालामुखीच्या पायथ्याकडे आहे. त्याच पर्वतरांगेतील पिनातुबो हा ज्वालामुखी शतकानुशतके शांत होता. तो १९९१ च्या जून महिन्यात फुटला आणि विसाव्या शतकातील सर्वांत मोठ्या उद्रेकांत त्याची गणना झाली. त्याच्या उतारावर पिढ्यान्‌पिढ्या राहणारे आएता आदिवासी देशोधडीला लागले. त्या दिवशी मोरोंगची भट्टी पेटलेली असती तर काय झाले असते, हे सांगता येत नाही. ती पेटलेली नव्हती, एवढे मात्र खरे.

ती न पेटण्याचे श्रेय कोणाचे? १९७९ साली अमेरिकेत थ्री माईल आयलंड येथे अपघात झाला, तेव्हा मार्कोस यांना काम थांबवून चौकशी बसवावी लागली. पुढे काम पुन्हा सुरू झाले. मग १९८५ च्या जून महिन्यात बताआन प्रांतातील लोकांनी तीन दिवस कडकडीत बंद पाळला. हुकूमशाही तेव्हाही चालू होती. शस्त्र नाही, पैसा नाही, वर्तमानपत्र नाही, अशी ती माणसे नुसत्या संघटनेच्या बळावर उभी राहिली. आमच्या मते या साऱ्या हकिकतीतला हाच भाग सर्वांत मोलाचा आहे. पण केंद्राच्या गोष्टी सांगणारे त्याचा उल्लेख ओझरताच करतात. १९८६ च्या फेब्रुवारीत मार्कोस देश सोडून पळाले. एप्रिलमध्ये चेर्नोबिलचा स्फोट झाला आणि नव्या अध्यक्षा कोराझोन अक्विनो यांनी केंद्र सुरू न करण्याचे ठरविले. २०११ साली ते पर्यटकांना पाहण्यासाठी खुले झाले. कर्ज काढून बांधलेले वीज केंद्र शेवटी प्रेक्षणीय स्थळ झाले!

आता आजची स्थिती. फिलिपाईन्समध्ये वीज महाग आहे. आग्नेय आशियातील सर्वांत महाग विजेत तिची गणना होते. निम्म्याहून अधिक वीज कोळशावर होते आणि मालाम्पाया येथील वायूचा साठा ओसरत चालला आहे. ही अडचण खरी आहे, बनावट नव्हे. २०२२ च्या फेब्रुवारीत अध्यक्ष दुतेर्ते यांनी अणुवीज स्वीकारण्याचा आदेश काढला. त्यांच्यामागून जुन्या मार्कोस यांचे चिरंजीव अध्यक्ष झाले आणि त्यांनी हे धोरण पुढे नेले. पित्याच्या कृत्याचा दोष पुत्राला चिकटविणे हे जन्मावरून माणसाची किंमत ठरविणाऱ्यांचे काम आहे. ते आम्ही करणार नाही. २०३२ पर्यंत १,२०० मेगावॅट आणि २०५० पर्यंत ४,८०० मेगावॅट अणुवीज मिळवावी, असा त्यांच्या सरकारचा संकल्प आहे. अमेरिकेशी २०२३ साली अणुसहकार्याचा करार झाला. मोरोंगचे जुने केंद्र चालू करता येईल काय, हे तपासण्यासाठी दक्षिण कोरियाच्या कंपनीशी २०२४ साली करार झाला.

एका गोष्टीचे आम्ही मोकळ्या मनाने स्वागत करतो. पूर्वी अणुशक्तीचा प्रसार करणारी आणि तिच्यावर देखरेख ठेवणारी संस्था तेथे एकच होती. पाटलानेच फिर्याद करावी आणि पाटलानेच न्याय द्यावा, अशातला तो प्रकार! २०२५ च्या सप्टेंबरात मंजूर झालेल्या कायद्याने सुरक्षिततेसाठी स्वतंत्र नियामक संस्था निर्माण केली आहे. ती खरोखर स्वतंत्र राहते किंवा कसे, हे तिच्या पहिल्या नकारावरून कळेल.

परंतु नियामक संस्था भट्टीची भिंत तपासील, कर्जाचा करार तपासणार नाही. अणुविजेत इंधनाचा खर्च थोडा आणि बांधकामाचा अफाट असतो. पैसा आधी ओतावा लागतो आणि वीज मागाहून येते; बांधकाम जितके लांबेल तितके व्याज चढते. तो बोजा शेवटी करातून किंवा विजेच्या बिलातून मनिलाच्या झोपडीत राहणाऱ्या बाईच्या पदराशी येतो. वापरलेल्या इंधनाचा विखार हजारो वर्षे टिकतो, तेव्हा त्याची राखण ज्यांनी करायची ते तर अजून जन्मलेलेही नाहीत. म्हणून स्वस्त आणि मुबलक या दोन शब्दांच्या आधी ‘कोणाच्या संमतीने’ हा प्रश्न विचारला गेलाच पाहिजे.

फिलिपिनो जनतेला आज मत देण्याचा आणि बोलण्याचा अधिकार आहे. १९७३ साली तो नव्हता. त्या अधिकाराचा उपयोग सही होण्यापूर्वी व्हावा. कर्जाचा प्रत्येक कागद तागालोगमध्ये आणि तेथील इतर लोकभाषांत छापून निघावा. दर किती पडेल, काम लांबल्यास भुर्दंड कोणाचा, अपघात झाल्यास भरपाई कोण देणार, हे त्यात स्वच्छ लिहिलेले असावे. आणि मोरोंगच्या कोळ्यांना व शेतकऱ्यांना नकार देण्याचा हक्क असावा. केवळ सभेत बसवून भाषण ऐकविणे म्हणजे त्यांचे मत घेणे नव्हे. १९८५ साली रस्त्यावर बसलेल्यांपैकी अनेकजण आज आजी-आजोबा झाले असतील. पहिला कागद त्यांच्या हाती पडावा.