घरचे आरोग्य : रान विकण्याआधी रिपोर्ट वाचा

वर्षावासातल्या एका रविवारी आम्ही श्रीरामपूर तालुक्यातल्या एका वस्तीवर गेलो होतो. विहारात ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथाचे वाचन चालू होते. त्या दिवशी आजारी भिक्खूचा प्रसंग आला. पोटाच्या विकाराने तो भिक्खू आपल्याच घाणीत पडलेला असतो. बाकीचे भिक्खू त्याच्याकडे फिरकत नाहीत, कारण त्यांच्या दृष्टीने तो कोणाच्याच उपयोगाचा राहिलेला नसतो. तथागत स्वतः पाणी आणवतात आणि आनंदाच्या मदतीने त्याला आंघोळ घालून स्वच्छ अंथरुणावर निजवतात. वाचन संपले, खीर वाटून झाली, आयाबाया घरोघर पांगल्या. एक गृहस्थ मात्र पायात चपला घालून तसेच उभे राहिले. हातात पिशवी आणि पिशवीत रिपोर्टांची गुंडाळी.

“दादा, तुम्ही पेपरात लिहिता. एवढं वाचून सांगा. आमच्या मंडळींची छातीची गाठ तीन वर्षांमागं काढली व्हती. आता हाडात उतरलंय म्हनत्यात. डाक्टरनं गोळी लिहून दिलीय. दुकानदारानं आकडा सांगितला, तो ऐकून मी पायरीवर बसलो. बापाच्या वाटणीचं धा गुंठं रान हाय. इकू का?”

आम्ही डॉक्टर नाही. त्या दिवशी आम्ही त्यांना एवढेच म्हणालो की भाऊ, आठ दिवस थांबा, इसार घेऊ नका. मग जाणत्या माणसांना विचारले, चिठ्ठी वाचून घेतली, थोडे वाचन केले. जे कळले ते एकट्या त्यांच्यापुरते ठेवण्यासारखे नाही. आपल्या वस्त्यांतून असे रिपोर्ट किती पिशव्यांत पडून असतील, कोण जाणे. म्हणून आजचे सदर त्यासाठीच.

चिठ्ठीवरच्या औषधाचे नाव होते पाल्बोसिक्लिब. याच घराण्यातली आणखी दोन औषधे आहेत, रायबोसिक्लिब आणि अबेमासिक्लिब. तिन्ही तोंडाने घ्यायची आहेत. अमेरिकेत पाल्बोसिक्लिबला २०१५ साली मान्यता मिळाली आणि दुसऱ्या दोघांना २०१७ साली. केस गळवणाऱ्या सलाइनच्या केमोथेरपीपेक्षा यांची चाल वेगळी आहे. केमोथेरपी शरीरातल्या भराभर वाढणाऱ्या सगळ्याच पेशींवर घाव घालते. ही गोळी पेशीतल्या एका ठरावीक जागी बोट ठेवते. म्हणून तिला लक्ष्यवेधी औषध म्हणतात.

आपल्या भागात पाटाचे पाणी सर्वांना ठाऊक आहे. चारीचे दार उचलले की पाणी रानात शिरते. पेशीतही असेच एक दार असते. ते उघडले की एका पेशीच्या दोन पेशी होतात. दार उघडण्याचे काम सीडीके चार आणि सीडीके सहा नावाची दोन प्रथिने करतात. चांगल्या पेशीत हे दार पाळी आली की उघडते आणि पुन्हा बंद होते. कर्करोगात ते उघडेच राहते आणि पाणी बांध फोडून पसरते. ही गोळी त्या दाराला कुलूप लावते. पण पाणी सोडणारे धरण वेगळेच असते, आणि छातीच्या बऱ्याच गाठींत ते धरण म्हणजे बाईच्या अंगातले इस्ट्रोजेन हे संप्रेरक. म्हणून सोबत लेट्रोझोलसारखी दुसरी गोळी देतात, ती धरणाचे पाणी तोडते. पाळी अजून चालू असलेल्या बाईला बीजकोशाचे काम थांबवणारे इंजेक्शनही लागते.

आता महत्त्वाचे. ही गोळी सगळ्यांना चालत नाही. गाठीच्या तुकड्यावर तीन तपासण्या करतात, ईआर, पीआर आणि हर-टू. पहिल्या दोन इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टेरॉन या संप्रेरकांच्या खुणा शोधतात. ईआर किंवा पीआर पॉझिटिव्ह आणि हर-टू निगेटिव्ह असेल, तरच ही गोळी. आपल्या देशातल्या निम्म्या किंवा त्याहून अधिक बायकांच्या गाठी संप्रेरकांच्या खुणा असलेल्या निघतात. हर-टू पॉझिटिव्ह असेल तर औषधे निराळी, त्यातही लापाटिनिबसारखी तोंडाने घ्यायची गोळी आहे. तिन्ही निगेटिव्ह असतील तर ही गोळी म्हणजे पैसा पाण्यात.

पण आपल्याकडे होते काय? तालुक्याच्या गावी गाठ काढतात, घरचे लोक “गाठ गेली, सुटलो” म्हणतात, आणि रिपोर्ट धान्याच्या कोठीमागे जातो. काही ठिकाणी तर या तीन तपासण्या केल्याच जात नाहीत, आणि घरच्यांना त्या मागायच्या असतात हे ठाऊक नसते. काढलेल्या गाठीचा तुकडा मेणात बसवून प्रयोगशाळेत ठेवतात. त्याला ब्लॉक म्हणतात. तो ब्लॉक रोग्याच्या कामाचा आहे आणि तो मागता येतो. पूर्वी तपासणी झाली नसेल तर त्याच ब्लॉकवर ती नंतरही करता येते. रोग पुन्हा उठला असेल तर डॉक्टर नव्या जागेचा तुकडा काढून पुन्हा तपासायला सांगतात, कारण खुणा कधीकधी बदलतात. सुईला भिऊन त्याला नाही म्हणू नये.

आमच्या या गृहस्थांच्या गुंडाळीत तिसऱ्या पानावर तिन्ही उत्तरे लिहिलेली होती. तीन वर्षे ती पिशवीत होती. ईआर पॉझिटिव्ह, पीआर पॉझिटिव्ह, हर-टू निगेटिव्ह. म्हणजे डॉक्टरांनी गोळी बरोबर लिहिली होती.

मग गोळी घेतली की बाई बरी होते का? येथे आम्ही खोटे बोलणार नाही. हाडात, फुप्फुसात किंवा यकृतात पसरलेला रोग ही गोळी मुळासकट काढत नाही. ती त्याला अडवून धरते. पाल्बोसिक्लिबची मोठी चाचणी ६६६ स्त्रियांवर झाली, तिचा निकाल २०१६ साली छापून आला. नुसती लेट्रोझोल घेणाऱ्यांत रोग मध्यमानाने साडेचौदा महिने थांबला, दोन्ही गोळ्या घेणाऱ्यांत जवळजवळ पंचवीस महिने. रायबोसिक्लिबच्या अशाच एका चाचणीत स्त्रियांचे आयुष्य मध्यमानाने ५१ महिन्यांवरून सुमारे ६४ महिन्यांवर गेले. वर्षभर अधिक. ज्या घरात मुलगी बारावीला आहे, त्या घरात हे वर्ष लहान नसते. पण हे वर्ष विकत घेताना मुलीच्या शिक्षणाचे रान विकायचे का, हा प्रश्न नवऱ्याने एकट्याने पायरीवर बसून सोडवायचा नाही. ज्या बाईचे आयुष्य आहे तिला आधी विचारा. आम्ही त्या वहिनींना विचारले तेव्हा त्या म्हणाल्या, “मला कुनी इचारलंच नाय.”

आता किमतीकडे येऊ. लोकांना वाटते की औषध महाग आहे कारण ते बनवायला महाग पडते. निम्मे खरे. शोधाला खर्च येतो, पण मोठी गोष्ट पेटंटची आहे. पेटंट असेपर्यंत ते औषध एकच कंपनी विकते आणि भाव तीच ठरवते. २०२२ साली केरळातल्या एका रुग्ण स्त्रीने तिथल्या उच्च न्यायालयात अर्ज केला होता. तिला रायबोसिक्लिब लागत होते, आणि एका महिन्याला त्याचेच सुमारे ५८ हजार रुपये होत. सरकारने सक्तीचा परवाना देऊन हे औषध दुसऱ्या कंपन्यांना करू द्यावे, अशी तिची मागणी होती. प्रकरण चालू असतानाच त्या भगिनीचे निधन झाले. न्यायालयाने मात्र प्रकरण बंद केले नाही, विषय लोकांचा आहे म्हणून स्वतःहून पुढे चालवले.

सक्तीचा परवाना ही कल्पना हवेतली नाही. पेटंट कायद्यात त्यासाठी कलम ८४ आहे. मूत्रपिंड आणि यकृताच्या कर्करोगावरची सोराफेनिब ही गोळी बायर कंपनी महिन्याला दोन लाख ऐंशी हजारांना विकत होती. ९ मार्च २०१२ रोजी पेटंट नियंत्रकांनी हैदराबादच्या नाटको कंपनीला परवाना दिला आणि तिने ती ८,८८० रुपयांत द्यावी असे ठरवले. तीच गोळी, तोच गुण. कायद्याचे एक कलम वापरले आणि दोन लाख सत्तर हजार रुपये गळाले. कायदा वाचणाऱ्याच्या हाती काय ताकद असते हे बाबासाहेबांच्या लेकरांना आम्ही वेगळे सांगायला नको.

पाल्बोसिक्लिबचे पेटंट आपल्या देशात जानेवारी २०२३ मध्ये संपले. त्यानंतर अनेक भारतीय कंपन्यांनी तीच गोळी काढली आणि भाव मोठ्या प्रमाणात उतरले. पण ही बातमी दुकानाच्या काउंटरपर्यंत पोहोचतेच असे नाही. चिठ्ठीवर कंपनीचे नाव लिहिलेले असेल तर दुकानदार तेच काढतो. एकाच औषधाच्या दोन छापांत कित्येक पटींचा फरक असतो. तेव्हा डॉक्टरांना हात जोडून नव्हे, नीट खुर्चीवर बसून विचारा की साहेब, याच औषधाचा स्वस्त पण खात्रीचा छाप कोणता, आणि चिठ्ठीवर औषधाचे मूळ नाव लिहून द्याल का? यात उद्धटपणा काहीच नाही. छाप मात्र आपल्या मनाने बदलू नका आणि पक्के बिल घेतल्याशिवाय गोळी घेऊ नका.

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेचे कार्ड काढले नसेल तर काढा. २०२४ पासून रेशनकार्डाचा रंग न पाहता प्रत्येक कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंतचे संरक्षण आहे. योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्र बसतो. केमोथेरपी, शस्त्रक्रिया, किरणोपचार यांपैकी काय बसते आणि ही गोळी बसते की नाही, ते त्याच्याकडून चिठ्ठीवर लिहून घ्या. तोंडी “नाही” ऐकून परत फिरू नका. पोरगा नगरच्या किंवा सुप्याच्या एमआयडीसीत असेल आणि त्याचा विमा कापला जात असेल, तर त्याच्यावर अवलंबून असलेल्या आईचे नाव त्याच्या विम्यात आहे का ते पाहा. हा कामगार विमा १९४८ च्या कायद्याने आला, पण त्याची पायाभरणी प्राध्यापक अडारकरांच्या १९४४ च्या अहवालाने झाली. अडारकरांना ते काम सोपवले गेले तेव्हा मजूर खात्याचे मंत्री बाबासाहेब होते. इतके करून ठेवलेले असताना आपली पोरे कार्डावर आईचे नाव घालायला विसरतात, याचा आम्हांला राग येतो.

मुंबईला परळच्या टाटा रुग्णालयात जायची वेळ आलीच, तर फुटपाथवर झोपू नका. दादरला गाडगे महाराज मिशनची धर्मशाळा टाटाच्या रोग्यांसाठीच चालते. जामखेड, कर्जतकडच्यांना बार्शीचे नर्गिस दत्त कर्करोग रुग्णालय जवळ पडते.

गोळी सुरू झाल्यावरचे थोडेसे. पाल्बोसिक्लिब एकवीस दिवस रोज एक घ्यायची आणि सात दिवस थांबायचे. रक्तातल्या पांढऱ्या पेशी हिने कमी होतात, म्हणून रक्त तपासल्याशिवाय पुढचा महिना सुरू करायचा नाही. ताप आला तर क्रोसिन देऊन सकाळची वाट पाहू नका, त्याच रात्री दवाखाना गाठा. रायबोसिक्लिब असेल तर हृदयाचा आलेख काढतात, अबेमासिक्लिबने जुलाब होतात. घरात क्षयाचे औषध चालू असेल तर ते डॉक्टरांना आवर्जून सांगा. क्षयाच्या गोळ्यांतले रिफाम्पिसिन पाल्बोसिक्लिबचा जोर मोडून टाकते. आठवडी बाजारातल्या झाडपाल्याच्या पुड्याही सोबत देऊ नका. आणि अंगारा, देवऋषी, मागल्या जन्मीचे पाप हे आपण १९५६ साली नागपूरला सोडून आलो आहोत. ते आजारपणाच्या दाराने परत घरात घेऊ नये.

एक गोष्ट राहून राहून मनात येते. ही गोळी पसरलेल्या रोगाची आहे. मग आपल्या बायकांचा रोग पसरल्यावरच का कळतो? मुंबईच्या झोपडपट्ट्यांत टाटा रुग्णालयाने १९९८ पासून वीस वर्षे एक अभ्यास केला. दीड लाखावर बायका होत्या, वय ३५ ते ६४. त्यांतल्या निम्म्या बायकांची छाती प्रशिक्षित महिला आरोग्य कार्यकर्त्यांनी दर दोन वर्षांनी हाताने तपासली. मशीन नाही, फोटो नाही. २०२१ साली निकाल आला. पन्नाशीच्या पुढच्या बायकांत या रोगाने होणारे मृत्यू जवळजवळ तीस टक्क्यांनी कमी झाले. आपल्याच जिल्ह्यात जामखेडला डॉक्टर आरोळे दांपत्याने १९७० पासून खेड्यातल्या, त्यांतही दलित वस्तीतल्या, अक्षरओळख नसलेल्या बायांना आरोग्यसेविका केले होते. तेव्हा बोटांनी गाठ ओळखायला आपल्या महिला मंडळातल्या भगिनी शिकू शकणार नाहीत, असे आम्हांला कोणी सांगू नये. दुखत नाही म्हणून गाठ लपवतात. सुरुवातीला ती बहुधा दुखतच नाही.

त्या गृहस्थांचे काय झाले ते सांगतो. डॉक्टरांनी चिठ्ठीवर औषधाचे मूळ नाव लिहून दिले. दुसऱ्या छापाची किंमत पहिल्या आकड्याच्या कितीतरी खाली आली. पहिल्या महिन्याचे पैसे दोन्ही पोरांनी आणि एका शेजाऱ्याने मिळून भरले. दुसऱ्या महिन्यात पांढऱ्या पेशी फार उतरल्या, गोळी आठ दिवस बंद ठेवावी लागली आणि घरात रडारड झाली. मग मात्रा कमी करून पुन्हा चालू केली. हाडांचे दुखणे थोडे उतरले आहे, वहिनी चुलीपाशी बसू लागल्या आहेत. परवा आम्ही गेलो तेव्हा त्या पोराला योजनेच्या कार्डाच्या झेरॉक्स काढायला पाठवत होत्या. दहा गुंठ्यांत यंदा घास केला आहे.